काळ्या पट्ट्या राहू द्या: घरच्या टीव्हीवर सिनेमा पूर्ण कसा पाहायचा

गेल्या दिवाळीत आम्ही नाशिकच्या एमजी रोडवरच्या एका दुकानातून ४३ इंची टीव्ही आणला. दुसऱ्या दिवशी डेमोवाला इंदिरानगरला घरी आला, टीव्ही भिंतीवर लावला आणि जाताना रिमोटवरचं एक बटण दाखवून म्हणाला, "काकू, पट्ट्या आल्या की हे दाबायचं, चित्र फुल होतं." सासऱ्यांना ते फार पटलं. त्यांचं म्हणणं, पैसे ४३ इंचांचे दिलेत, तर चित्रही ४३ इंचांचं दिसलं पाहिजे. महिनाभर आमच्याकडे सगळं फुलच चाललं होतं.

मग नाशिकरोडहून मामा आले. मामांनी तीस वर्षं एकपडदा थिएटरात ऑपरेटरचं काम केलंय. टीव्हीवर जुना ब्लॅक अँड व्हाइट मराठी सिनेमा लागला होता. त्यांनी दोन मिनिटं पाहिलं, चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "अगं, लेन्स चुकलीय. फ्लॅटच्या प्रिंटला स्कोपची लेन्स लावली की माणसं अशीच चपटी दिसतात." (स्कोप म्हणजे खूप रुंद सिनेमा, फ्लॅट म्हणजे त्याहून कमी रुंद, साध्या लेन्सचा.) त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी टीव्ही, सेट-टॉप बॉक्स आणि जुना डीव्हीडी प्लेअर असं सगळं एकेक करून तपासलं. त्यानंतर सोसायटीतल्या पाच-सहा घरांत मी हेच करून दिलं. सगळीकडे चुका त्याच निघाल्या, म्हणून आता क्रमाने लिहून ठेवते आहे.

जवळ काय काय हवं

- टीव्हीचा आणि सेट-टॉप बॉक्सचा रिमोट (दोन्ही, एकाने भागत नाही)
- टीव्हीचा मॉडेल नंबर. मागच्या स्टिकरवर किंवा बिलावर असतो
- शिवणकामाची किंवा सुताराची मोजपट्टी
- एक एचडीएमआय केबल आणि शक्य असेल तर लॅपटॉप
- तीन सिनेमे: एक १९५५ च्या आधीचा, एक अलीकडचा मोठ्या पडद्यावरचा, आणि एक सबटायटल असलेला
- कागद-पेन

१. पट्टी म्हणजे कापलेलं चित्र नव्हे

हे मनात पक्कं बसल्याशिवाय पुढच्या पायऱ्यांना हात लावू नका. नाहीतर सेटिंग करून तुम्ही उठाल आणि मागून कुणीतरी परत झूम करून ठेवेल.

टीव्हीचा पडदा एकाच आकाराचा असतो: १६ भाग रुंद, ९ भाग उंच. सिनेमे मात्र वेगवेगळ्या आकारांत काढलेले असतात. रुंद सिनेमा या पडद्यात पूर्ण बसवला की वर-खाली जागा उरते, जुना चौकोनी सिनेमा बसवला की डावी-उजवीकडे. उरलेली जागा काळी दिसते, एवढंच. तिच्यामागे काहीही लपलेलं नसतं. उलट पट्ट्या घालवल्या की चित्र जातं.

किती जातं, ते आकड्यांत सांगते. स्कोपचा सिनेमा, म्हणजे उंचीच्या २.३९ पट रुंद, झूम करून टीव्हीभर पसरला तर दोन्ही बाजू मिळून चित्राचा चौथा हिस्सा बाहेर जातो. हाच सिनेमा जुन्या डब्बा टीव्हीच्या ४:३ पडद्यात पूर्ण भरला तर जवळजवळ ४४ टक्के जातो. डीव्हीडीच्या काळात 'फुल स्क्रीन' नावाने जी आवृत्ती मिळायची तिच्यात असंच केलेलं असायचं. रुंद चित्रातला कोणता तुकडा दाखवायचा हे कुणीतरी प्रसंगागणिक ठरवायचं आणि चौकट डावी-उजवीकडे सरकवायचं. त्याला पॅन अँड स्कॅन म्हणतात.

सासऱ्यांना मी हे लग्नातल्या अंतरपाटावरून समजावलं. एका बाजूला नवरी, दुसऱ्या बाजूला नवरा, मध्ये अंतरपाट. रुंद चित्रात तिघंही दिसतात, आणि त्या प्रसंगाचा सगळा अर्थ त्यातच आहे. बाजू कापल्या की एक तर नवरी दिसेल किंवा नवरा, नाहीतर नुसताच अंतरपाट. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मग राहू दे पट्ट्या."

फ्लॅट सिनेमांच्या बाबतीत मात्र गंमत वेगळी आहे, आणि ती मला मामांकडून कळली. यातल्या बऱ्याच सिनेमांत फिल्मवर वर-खाली जास्तीचं चित्र टिपलेलं असतं आणि थिएटरात प्रोजेक्टरच्या गेटमधली पत्र्याची प्लेट ते झाकते. अशा सिनेमाच्या फुल स्क्रीन आवृत्तीत कधी कधी ते झाकण काढलेलं असतं, म्हणून वर-खाली जास्त दिसतं. पण तिथेच माइकचा दांडाही डोकावतो, कारण ती जागा दाखवायची नव्हतीच. म्हणून 'जास्त दिसतं ते चांगलं' असं समजू नका. दिग्दर्शकाने आणि कॅमेरामनने जी चौकट ठरवली, ती पाहायची.

२. सिनेमाचं माप ओळखा

चारच मापं लक्षात ठेवा. मापाचा आकडा म्हणजे रुंदी उंचीच्या किती पट.

*४:३ आणि त्याच्या जवळपासचं.* मूकपट १.३३ चे. बोलपट आल्यावर १९३२ मध्ये हॉलिवूडने १.३७ हे माप ठरवलं आणि ते जगभर चाललं. आपल्याकडे तर साठच्या दशकातही भरपूर सिनेमे याच मापात निघाले. जुन्या दूरदर्शन मालिकाही ४:३. हे सगळं टीव्हीवर मध्यभागी दिसणार आणि दोन्ही बाजूंना काळं राहणार.

*फ्लॅट, म्हणजे १.८५.* वर-खाली अगदी बारीक रेघ येते. बऱ्याच जणांना ती कळतही नाही.

*स्कोप, म्हणजे २.३५ ते २.३९.* घराघरांत टीव्ही आल्यावर प्रेक्षकांना थिएटरात परत आणायला अमेरिकेत १९५३ मध्ये सिनेमास्कोप आलं. रुंद दृश्य खास लेन्समधून आडवं दाबून नेहमीच्या फिल्मवर घ्यायचं आणि दाखवताना तसल्याच लेन्समधून पुन्हा दुप्पट पसरायचं. भारतातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट 'कागज के फूल', १९५९. मामा ज्या 'स्कोपच्या लेन्स'बद्दल बोलत होते ती हीच. ती लावायला विसरलं तर स्कोपची माणसं काटकुळी आणि उंच दिसतात. फ्लॅटला चुकून लावली तर बुटकी आणि रुंद. तुमच्या टीव्हीवर यातलं काहीही दिसलं तर कुठेतरी सेटिंग चुकलंय, एवढं नक्की समजा.

*१६:९.* बातम्या, मालिका, क्रिकेट. पडदा पूर्ण भरतो, पट्ट्यांचा प्रश्नच नाही. मधलंच माप का निवडलं, याचंही उत्तर आहे. १९८० च्या दशकात केर्न्स पॉवर्स या अमेरिकन इंजिनीअरने सगळ्या प्रचलित चौकटी एकमेकींवर ठेवून पाहिल्या आणि एका टोकाला ४:३, दुसऱ्याला स्कोप, यांच्यामधला हा आकार सुचवला. त्यामुळे दोन्हीकडच्या पट्ट्या बेताच्या राहतात. टीव्हीचा पडदा मुळातच तडजोडीचा आहे. दोन्ही टोकांच्या सिनेमांना त्यात थोडं काळं येणारच.

काही सिनेमे मध्येच माप बदलतात. मोठ्या आयमॅक्स कॅमेऱ्याने घेतलेले प्रसंग आले की डिस्कवर चित्र अचानक पडदाभर होतं आणि पुन्हा रुंद होतं. तेव्हा रिमोट उचलू नका.

३. आधी बॉक्स, मग टीव्ही

हा क्रम उलटा केला की दिवस जातो. आमच्याकडे तेच झालं होतं: बॉक्स ४:३ वर होता, तो चित्र एका पद्धतीने मोडायचा आणि टीव्हीचं झूम त्यावर आणखी एक चूक चढवायचं. दोन चुका मिळून कधी कधी चित्र बरोबर वाटतं, आणि चॅनल बदललं की पुन्हा बिघडतं.

सेट-टॉप बॉक्सच्या रिमोटने मेनू उघडा. 'सेटिंग्ज', त्यात 'पिक्चर', 'व्हिडिओ' किंवा 'डिस्प्ले' असं काहीतरी सापडेल. तिथे टीव्हीचा प्रकार १६:९ करा. रिझोल्यूशन १०८०आय किंवा १०८०पी असेल तर राहू द्या. पुढे 'लेटरबॉक्स', 'पॅन-स्कॅन', 'स्ट्रेच' किंवा 'फुल' असे पर्याय दिसले तर जो चित्र जसंच्या तसं ठेवतो तो निवडा. बहुतेक बॉक्समध्ये तो 'लेटरबॉक्स' (पट्ट्या वर-खाली) किंवा 'पिलरबॉक्स' (पट्ट्या बाजूंना) या नावाने असतो. कुठे 'ओरिजिनल' किंवा 'ऑटो'.

एक सापळा इथेच आहे. बॉक्सला लाल-पांढरी-पिवळी केबल लावलेली असेल तर आधी ती काढून एचडीएमआय लावा. त्या तीन पिनांमधून एचडी चित्र येतच नाही, आणि चित्राच्या आकाराची माहितीही टीव्हीपर्यंत नीट पोचत नाही. माझ्या शेजारच्या काकूंकडे एचडीचं पॅक दोन वर्षं चालू होतं आणि केबल तीच जुनी.

४. टीव्हीचं सेटिंग

टीव्हीच्या मेनूत 'पिक्चर' मध्ये 'आस्पेक्ट रेशो', 'पिक्चर साइझ', 'वाइड मोड' किंवा 'स्क्रीन' यापैकी एक नाव असेल. कंपनीप्रमाणे शब्द बदलतो. काय ठेवायचं आणि काय टाळायचं ते असं:

'१६:९', 'ओरिजिनल', 'फुल' (काही टीव्हीत '१६:९' लाच 'फुल' म्हणतात), 'जस्ट स्कॅन', 'फिट टू स्क्रीन', 'फुल पिक्सेल' चालतील. बॉक्स नीट लावलेला असेल तर चित्र आलं तसं दाखवण्याचं काम हे पर्याय करतात.

'झूम', 'वाइड झूम', 'सिनेमा झूम', 'व्हर्टिकल झूम', 'पॅनोरमा', 'स्मार्ट व्ह्यू' नकोत. यातला 'वाइड झूम' आणि त्याचे भाऊबंद सगळ्यांत फसवे. मधलं चित्र ते जवळजवळ ठीक ठेवतात आणि कडा ओढतात, त्यामुळे बातम्या वाचणारा माणूस बरोबर दिसतो, पण कॅमेरा फिरला की कडेची भिंत रबरासारखी ताणली जाते. पाहणाऱ्याला काय खटकतंय ते सांगता येत नाही, नुसते डोळे थकतात.

'ऑटो वाइड' असलं काही चालू असेल तर बंद करा. टीव्ही काळ्या पट्ट्या दिसल्या की स्वतःच झूम करायला जातो, आणि सिनेमातला अंधारा प्रसंगही त्याला पट्टीच वाटू शकतो.

पुढे ओव्हरस्कॅन. ट्यूबच्या टीव्हीत कडा नीट दिसत नसत, म्हणून चित्र जरा मोठं करून कडा झाकण्याची रीत होती. ती सवय नव्या टीव्हींतही उरली आहे. तपासायला मराठी बातम्यांचं कुठलंही चॅनल लावा. खालची धावती पट्टी अर्धी कापलेली असेल किंवा कोपऱ्यातला लोगो कडेला चिकटला असेल, तर ओव्हरस्कॅन चालू आहे. 'जस्ट स्कॅन', 'फिट टू स्क्रीन' किंवा 'फुल पिक्सेल' चालू केलं की जातं.

आता दोन सूचना, ज्या मला कुणी आधी सांगितल्या असत्या तर दोन रविवार वाचले असते. पहिली: बऱ्याच टीव्हींत प्रत्येक सॉकेटचं सेटिंग वेगळं असतं. एचडीएमआय १ वर बॉक्स नीट झाला म्हणून एचडीएमआय २ वरचा प्लेअर नीट झालेला नसतो. प्रत्येक इनपुटवर जाऊन वेगवेगळं पाहा. दुसरी: दुकानात ठेवलेला नमुन्याचा टीव्ही घेतला असेल तर तो 'स्टोअर' किंवा 'रिटेल' मोडवर असू शकतो. त्या मोडमध्ये टीव्ही थोड्या वेळाने तुमची सेटिंग स्वतःच पुसतो. मेनूतून तो 'होम' मोडवर आणा आणि मगच पुढचं करा.

५. ताट लावून पाहा

स्टीलचं गोल ताट जमिनीवर ठेवा, वरून अगदी सरळ फोटो काढा, लॅपटॉपवर घ्या आणि एचडीएमआयने टीव्हीवर दाखवा. पट्टीने ताटाची रुंदी मोजा, मग उंची. दोन्ही सारख्या आल्या की चित्र ओढलेलं नाही. रुंदी उंचीपेक्षा तिसऱ्या हिश्शाने जास्त आली, तर ४:३ चं १६:९ करून दाखवणं चालू आहे.

लॅपटॉप नसेल तर सिनेमात गोल वस्तू शोधा. भिंतीवरचं घड्याळ समोरून, पौर्णिमेचा चंद्र, झेंड्यावरचं अशोकचक्र. चित्र थांबवा आणि मोजा. ही परीक्षा फक्त ओढाताण दाखवते, कापाकापी नाही. कापलेल्या चित्रातही चंद्र गोलच असतो. कापाकापी ओळखायला सिनेमाची श्रेयनामावली पाहा. नावांची पहिली किंवा शेवटची अक्षरं कडेला गायब असतील, किंवा सबटायटलची खालची ओळ दिसत नसेल, तर कुठेतरी झूम चालू आहे.

मापाची खात्री करायची असेल तर दिसणाऱ्या चित्राची रुंदी भागिले उंची करा. ४३ इंची टीव्हीचा पडदा साधारण ३७.५ इंच रुंद आणि २१ इंच उंच असतो. त्यावर स्कोपचं चित्र ३७.५ बाय जवळपास १५.७ इंच यायला हवं, म्हणजे वर आणि खाली पावणेतीन-पावणेतीन इंच काळं. आमच्याकडे मामांनी पट्टी लावून मोजलं तेव्हा अगदी तेवढंच निघालं.

६. कपाटातल्या जुन्या डिस्क

डीव्हीडी प्लेअरच्या सेटअपमध्ये 'टीव्ही डिस्प्ले' किंवा 'टीव्ही शेप' असतं आणि त्यात तीन पर्याय: '४:३ पीएस', '४:३ एलबी' आणि '१६:९'. पीएस म्हणजे पॅन-स्कॅन, एलबी म्हणजे लेटरबॉक्स. डब्बा टीव्हीच्या काळात लावलेला प्लेअर बहुधा पहिल्या दोहोंपैकी एकावर असतो. '१६:९' करा. हे सेटिंग बऱ्याच प्लेअरवर डिस्क आत असताना बदलत नाही, आधी डिस्क काढा.

तरीही काही डिस्कवर चित्र पडद्याच्या मधोमध छोट्या फोटोसारखं दिसेल, चारही बाजूंना काळं. आपल्याकडच्या हिंदी-मराठी डिस्कवर हे पुष्कळ आहे. रुंद सिनेमा वर-खाली पट्ट्यांसकट ४:३ च्या चौकटीत छापून टाकलेला असतो आणि टीव्ही त्या चौकटीला आणखी बाजूच्या पट्ट्या लावतो. झूम वापरण्याची योग्य जागा ही एवढीच. इथे झूमने फक्त काळं कापलं जातं. सिनेमा संपला की झूम काढा, नाहीतर दुसऱ्या दिवशी तक्रार येईल.

जुनी डिस्क नव्याने विकत घेत असाल तर पाकिटाची मागची बाजू वाचा. 'वाइडस्क्रीन' किंवा 'अ‍ॅनामॉर्फिक' (रुंद चित्र आडवं दाबून साठवलेलं) असेल तर घ्या. 'फुल स्क्रीन' असेल आणि सिनेमा १९५५ नंतरचा असेल तर विचार करा. सिनेमा त्याआधीचा, किंवा आपल्याकडचा साठच्या दशकातला असेल तर मात्र 'फुल स्क्रीन' हेच त्याचं खरं माप असू शकतं. हे उलट कळल्यामुळे लोक चांगल्या डिस्क परत करतात.

७. पेनड्राइव्ह, लॅपटॉप, यूट्यूब

विंडोजवर व्हीएलसी प्लेअरमध्ये 'ए' हे बटण दाबत गेलं की चित्राचा आकार बदलतो, 'सी' दाबत गेलं की चित्र कापलं जातं. ओढलेला जुना सिनेमा 'ए' ने ४:३ वर आणता येतो. 'सी' चारही बाजूंना काळं असेल तेव्हाच.

यूट्यूबवरचे जुने मराठी सिनेमे पाहताना मला खरंच वाईट वाटतं. कित्येक जण चढवतानाच चित्र रुंद ओढतात आणि नावापुढे 'फुल एचडी' लिहितात. ते टीव्हीच्या '४:३' पर्यायाने परत जागेवर येतं, तुमचा टीव्ही त्या अ‍ॅपमध्ये तो पर्याय देत असेल तर. पण वर-खाली कापून चढवलं असेल तर काही उपाय नाही. डोकी छाटलेली दिसली की दुसरी प्रत शोधा. नाशिककरांना एक सुचवते: दादासाहेब फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'चा उरलेला भाग नेटवर आहे, तो लावा. फाळके आपल्या त्र्यंबकेश्वरचे, शेवटचे दिवसही नाशिकमध्ये गेले, पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे. त्यांची चौकट जवळजवळ चौकोनी होती. तुमच्या टीव्हीवर ती बाजूच्या पट्ट्यांसकट, माणसं सडपातळ राहून दिसली, तर टीव्ही नीट लागला.

८. मोबाइल

दोन बोटांनी चित्र पसरवायची सवय मोडा. आजकालचे फोन आडवे धरले की त्यांचा पडदा उंचीच्या मानाने टीव्हीपेक्षाही रुंद असतो, त्यामुळे १६:९ चं चित्र पसरलं की वर-खाली कापलं जातं. बोटं आत आणली की पूर्ण होतं.

९. नवा टीव्ही घ्यायचा असेल तर

इंच तिरके मोजतात, आणि तिथे फसगत होते. ३२ इंची नव्या टीव्हीवर ४:३ चं चित्र तिरकं मोजलं तर साधारण २६ इंच भरतं, म्हणजे जुन्या २९ इंची डब्ब्याच्या दिसणाऱ्या चित्रापेक्षाही किंचित लहान. घरात जुन्या मालिका आणि सिनेमे पाहणारी मोठी माणसं असतील तर ३२ घेऊ नका. दुसरीकडे, ५५ इंचीवर स्कोपच्या चित्राची उंची २० इंच येते, जवळपास ४३ इंचीच्या पूर्ण पडद्याएवढी. सिनेमेच जास्त पाहत असाल आणि भिंत असेल, तर पैसे तिथे घाला.

पट्ट्यांनी टीव्ही खराब होतो का, असं बरेच जण विचारतात. साध्या एलईडी टीव्हीवर त्यांनी काही होत नाही.

डेमोवाला घरी आला की तो जायच्या आधी त्याच्यासमोर जुना सिनेमा लावा आणि बाजूच्या पट्ट्या दिसू द्या. तो झूम करायला लागला तर थांबवा. सगळं जागेवर आलं की प्रत्येक इनपुटचं नाव आणि त्याचं सेटिंग कागदावर लिहून टीव्हीच्या मागे चिकटवा. आमच्या कागदावर आता सासऱ्यांच्या अक्षरात एक ओळ वाढली आहे: "एचडीएमआय २, डीव्हीडी: झूम फक्त चारही बाजूंना काळं असेल तर."